सुपर टॉप-अप घेतलं तर डॉक्टरांची फी निघते का?

राजेंद्रनगर_इंदूर: आई-बाबा साठीच्या पुढचे आहेत. दोघांना बीपी, बाबांना शुगरही. नोकरीतून 5 लाखांची ग्रुप पॉलिसी आहे, त्यात दोघांची नावं आहेत. एजंट 5 लाखांवरचं सुपर टॉप-अप आणि वर ओपीडी रायडर (भरती न होता घेतलेल्या उपचारांसाठीची जोड) सुचवतोय. दर दोन महिन्यांनी फिजिशियनकडे जावं लागतं. तो खर्च यातून सुटेल का?

बिलतपासणी: सुपर टॉप-अपमधून नाही. भरती झाल्यावर आणि वर्षाचं एकूण बिल 5 लाखांपुढे गेल्यावरच ते चालू होतं. ओपीडीची फी येते ती भरतीच्या आधीची आणि नंतरची, तीही त्याच आजाराची; बहुतेक पॉलिसींत आधीचे 30 आणि नंतरचे 60 दिवस. चिठ्ठी आणि पावती दोन्ही जपून ठेवा.

साधं टॉप-अप मात्र घेऊ नका. वर्षात 4 आणि 3 लाखांची दोन बिलं झाली, तर दोन्ही 5च्या आत म्हणून ते काहीच देत नाही. सुपर टॉप-अप वरचे 2 लाख देतं.

ग्रुप पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा आहे का, ते आजच बघा. मर्यादा 5,000 आणि खोली 8,000ची, तर प्रमाणात कपातीच्या अटीमुळे सर्जनच्या 40,000 फीपैकी 25,000च मिळतात. औषधं, तपासण्या, इम्प्लांट यांना ही कात्री लागत नाही.

ओपीडी_हिशेब: रायडरचा जादा हप्ता आणि त्याची वार्षिक मर्यादा शेजारी मांडा. हप्ता 6,000 आणि मर्यादा 7,500 असेल, तर हाती फार तर 1,500 लागतात. विमा कंपनीच्या नेटवर्कमधला फिजिशियन राजेंद्रनगरपासून जवळ आहे का, औषधांना वेगळी मर्यादा आहे का, हेही विचारा.

फी खिशातून द्यावी लागत नसली की भेटी वाढतात, हे खरं आहे. अमेरिकेत रँड या संशोधन संस्थेच्या आरोग्यविम्याच्या प्रयोगात (1974 ते 1982) 95 टक्के वाटा स्वतः भरणाऱ्यांचा उपचारांवरचा एकूण खर्च मोफत उपचार मिळालेल्यांपेक्षा सुमारे 30 टक्के कमी झाला. पण खिशातून द्यावं लागलं तेव्हा लोकांनी गरजेच्या भेटीही टाळल्या, आणि बीपी असलेल्या गरिबांना मोफत उपचाराचा खरा फायदा झाला. म्हणून रायडर घ्या न घ्या, आई-बाबांची दोन महिन्यांची फेरी चुकवू नका.

नंदानगर: पगार 21,000च्या आत असेल तर रायडर नकोच. ईएसआयमध्ये (कामगारांच्या सरकारी विमा योजनेत) अवलंबून असलेल्या आई-वडिलांची ओपीडी आणि औषधं येतात.

राजेंद्रनगर_इंदूर: पगार त्याच्या वर आहे. ते 60 दिवस कधीपासून धरायचे?

बिलतपासणी: डिस्चार्जच्या तारखेपासून.