देवघरातला शाळिग्राम आणि नाहीसा झालेला टेथिस समुद्र

प्रश्न : देवघर
आमच्या देवघरात पणजोबांच्या काळापासून एक शाळिग्राम आहे. तो नेपाळमधील काली गंडकीच्या पात्रातून आणलेला असून, त्याच्या फुटलेल्या बाजूवर आतील चक्र स्पष्ट दिसते. हे चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री जीवाच्या कवचाचा ठसा आहे आणि तो जीव टेथिस समुद्रात राहत होता, असे वाचले. लहानपणी शाळेत 'टेथिसचा तळ उचलला जाऊन हिमालय झाला' एवढे एकच वाक्य शिकवले गेले होते. त्यावर माझे समाधान होत नाही. हजारो किलोमीटर रुंदीच्या समुद्राचे पाणी कोठे गेले? त्याचा सगळा तळ हिमालयात मावला का? आणि असा समुद्र खरोखरच होता, हे कशावरून ठरवतात? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर : वर्धाकाठ
मी अनेक वर्षे भूशास्त्र शिकवले आहे, आणि आपण उल्लेखिलेले ते वाक्य विद्यार्थ्यांच्या मनातून काढून टाकताना मला फार कष्ट पडत. एदुआर्द स्यूस या ऑस्ट्रियन भूवैज्ञानिकाने १८९३ साली या समुद्राला टेथिस हे ग्रीक सागरदेवतेचे नाव दिले, तेव्हा खंड सरकतात ही कल्पनाच मान्य नव्हती; त्यामुळे समुद्राचा तळ जागच्या जागी उचलला गेला असावा, असे मानण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. आल्फ्रेड वेगेनरने खंडवहनाचा सिद्धांत मांडला तो १९१२ साली, आणि त्याला सर्वमान्यता मिळायला पुढची पन्नासएक वर्षे लागली. पाठ्यपुस्तकातले वाक्य मात्र स्यूसच्या काळातच राहिले.

पाण्याचे उत्तर सोपे आहे. पाणी कोठेही गेले नाही. पृथ्वीवरील सगळे महासागर एकमेकांना जोडलेले असल्यामुळे टेथिस अरुंद होत गेला तसतसे त्याचे पाणी इतरत्र रुंदावणाऱ्या खोऱ्यांत सामावले. भारत उत्तरेकडे सरकत असताना त्याच्या मागे हिंदी महासागर उघडत होता; सेशेल्स आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून वेगळे झाले ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आणि आज कोकणातून दिसणारा अरबी समुद्र त्यानंतरचा आहे.

तळाचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. महासागराचा तळ बेसाल्टचा असतो. मध्यसागरी पर्वतरांगांपाशी तो नव्याने तयार होतो, पुढे सरकताना थंड होतो, जड होतो आणि अखेरीस एखाद्या खंडाच्या कडेखाली वाकून प्रावरणात, म्हणजे भूकवचाखालच्या तप्त खडकांच्या जाड थरात, उतरतो. म्हणूनच खंडांवर ४०० कोटी वर्षांपूर्वीचे खडक सापडतात, पण आजच्या बहुतेक सगळ्या महासागरांचा तळ २० कोटी वर्षांहून तरुण आहे. टेथिसचा तळ असाच आशियाच्या दक्षिण कडेखाली गेला. भूकंपलहरींच्या वेगावरून पृथ्वीच्या अंतरंगाचे चित्र काढता येते, आणि त्या चित्रात भारताच्या खाली, प्रावरणात खोलवर, या बुडालेल्या तळाचे थंड तुकडे आजही ओळखता येतात.

मग आपल्या शाळिग्रामाचे काय? तो त्या खोल तळाचा नाहीच. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी, भारत अजून गोंडवानाचा, म्हणजे दक्षिणेकडील खंड एकत्र जोडलेले असतानाच्या महाखंडाचा, भाग असताना, त्याच्या उत्तर किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात काळा चिखल साचत होता. मेलेल्या अमोनाइटचे कवच त्या चिखलात पडले, त्याच्याभोवती खनिजे जमून घट्ट गोळा तयार झाला, आणि भोवतालच्या चिखलाचा पुढे शेल खडक बनला. या खडकांना स्पिती शेल म्हणतात. खंडाचा किनारा हलका असल्यामुळे तो प्रावरणात न जाता भारत आणि आशिया यांच्या टकरीत चुरगळून वर आला. म्हणजे आपल्या घरी आहे तो भारताच्याच जुन्या उत्तर किनाऱ्याचा तुकडा आहे.

उत्तर : सिंधूसंगम
वरील उत्तरात एक भर घालतो. तळ जवळजवळ सगळा बुडाला, पण थोडासा वर खरवडला गेला, आणि तो लडाखमध्ये प्रत्यक्ष पाहता येतो. सिंधू आणि त्सांगपो या नद्यांच्या खोऱ्यांतून भारत आणि आशिया यांच्या सांध्याची रेषा जाते. पूर्व लडाखमधील निदर येथे समुद्राच्या तळावर पाण्याखाली ओतून उशांच्या आकारात थिजलेला लाव्हा आज पर्वतात उघडा पडलेला आहे. लेहच्या उत्तरेला दिसणारे फिकट ग्रॅनाइटचे डोंगरही याच समुद्राची साक्ष देतात, कारण बुडणाऱ्या तळामुळे आशियाच्या कडेखाली वितळलेल्या शिलारसातून ते घडले आहेत. निदरचा तो खडक पहिल्यांदा हाताखाली आला, तेव्हा मी बराच वेळ तेथून हललो नाही.

प्रश्न : देवघर
दोघांचाही अत्यंत आभारी आहे. दोन शंका उरतात. एव्हरेस्टच्या माथ्यावरील चुनखडक याच टेथिसचा आहे का? आणि भारत दक्षिणेकडे होता, याचा महाराष्ट्रात काही पुरावा आहे का?

उत्तर : वर्धाकाठ
एव्हरेस्टच्या माथ्याचा चुनखडक ऑर्डोव्हिशियन काळातला, म्हणजे ४४ कोटी वर्षांहूनही जुना आहे. तोही गोंडवानाच्या उत्तर कडेवरच्या समुद्रात साचला, पण ज्या समुद्राच्या मिटण्याने हिमालय उभा राहिला तो टेथिस तेव्हा उघडलेलाही नव्हता. गोंडवानाच्या उत्तर कडेपासून पर्मियन काळात, म्हणजे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वी, भूभागाची एक लांब पट्टी सुटून उत्तरेकडे निघाली. तिच्यापुढचा जुना टेथिस मिटत गेला आणि तिच्यामागे नवा टेथिस उघडला. आपला शाळिग्राम या नव्या टेथिसचा. लोकप्रिय लेखनात या सगळ्या समुद्रांना सरसकट एकच नाव दिले जाते, त्यामुळे गोंधळ होतो.

महाराष्ट्रातले पुरावे भक्कम आहेत. गोंडवाना हे नावच भारतातील खडकांवरून, गोंडांच्या प्रदेशावरून पडले. त्यापुढे 'लँड' जोडणे ही खरे तर द्विरुक्ती आहे. चंद्रपूरजवळ पैनगंगेच्या खोऱ्यात जुन्या चुनखडकावर हिमनदीने ओढलेले ओरखडे एकोणिसाव्या शतकातच नोंदवले गेले होते. तेथील कोळशाच्या थरांबरोबर सापडणारी ग्लॉसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीची जिभेच्या आकाराची पाने ऑस्ट्रेलिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतही मिळतात, आणि १९१२ साली अंटार्क्टिकावर मृत्यू पावलेल्या स्कॉटच्या तुकडीजवळच्या दगडांतही ती होती; म्हणजे हे सगळे भूभाग तेव्हा दक्षिणेकडे एकत्र होते.

दुसरा पुरावा सह्याद्रीचा. लाव्हा थिजताना त्यातील चुंबकीय खनिजे तत्कालीन चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने स्थिरावतात, आणि त्या दिशेचा क्षितिजाशी असलेला कोन अक्षांशानुसार बदलतो. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील संशोधकांनी दख्खनच्या बेसाल्टची मोजणी करून १९५६ साली दाखवले की, हा खडक विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला थिजला होता. म्हणजे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपल्या डोंगरांचा लाव्हा वाहत होता, तेव्हा उत्तरेला टेथिस अजून उघडाच होता. भारत वर्षाला १५ सेंटिमीटर किंवा त्याहूनही अधिक वेगाने तिकडे जात होता, आणि टक्कर व्हायला अजून एक कोटीहून अधिक वर्षे बाकी होती.