मदत हवी आहे: सड्यावरच्या कातळशिल्पांसाठी निधी

राजापूर तालुक्यातल्या आमच्या सड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर) कातळशिल्पं, म्हणजे जमिनीवरच्या कातळात कोरलेली जुनी चित्रं आहेत. चिऱ्याचे (बांधकामाच्या जांभ्या दगडाचे) डंपर थेट हत्तीच्या चित्रावरून जातात, सोंडेची रेघ पार पुसट झालीय. जांभ्याचा गडगा (नुसते दगड रचून केलेली बुटकी भिंत) घालून गाडीवाट वळवायची आहे. श्रमदानाला माणसं आहेत. चिरे आणि वाहतुकीचेच पैसे हवेत. खोदकाम, सिमेंट काही नाही.

कोकणातली काही कातळशिल्पं २०२२पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत, आमची नाहीत. राज्य संरक्षितही नाहीत, त्यामुळे राज्य संरक्षित स्मारकांसाठीची ‘महाराष्ट्र वैभव’ योजना बाद. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत वारसा जतन बसतं, म्हणून सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामाला द्यायच्या पैशांचं बघितलं. पण तो निधी घेण्यासाठी संस्थेला करावी लागणाऱ्या सीएसआर-१ नोंदणीला १२ए, ८०जी या आयकर सवलतीच्या नोंदण्या आणि तीन वर्षांचं काम लागतं. आमचा न्यास नवा.

जमीन खाजगी. सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची ही रांग, निम्मे मुंबईत. तोंडी सगळे ‘हो’ म्हणतात, सहीचं काढलं की ‘गणपतीत बघू’! (कुठल्या गणपतीत ते सांगत नाहीत.) ग्रामपंचायत ठराव द्यायला तयार आहे.

अशा खाजगी, असंरक्षित जागेसाठी ग्रामपंचायतीमार्फत किंवा जुन्या संस्थेबरोबर करार करून कुणी निधी मिळवलाय का? आणि निधी देणाऱ्यांना सहहिस्सेदारांचं संमतीपत्र चालतं, की नोंदणीकृत भाडेपट्टाच लागतो?