शाळेच्या भिंतीवर शेकरू काढायचे आहे : चित्र आणि भिंत, दोन्ही टिकण्यासाठी काय करावे?

सह्यकडा (प्रश्न) :
आमचे गाव आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, भीमाशंकरच्या जंगलालगत आहे. शाळेच्या आवाराची ६० फूट लांब भिंत चार वर्षांपूर्वी रंगवून घेतली, तेव्हा तिच्यावर जिराफ, कांगारू आणि बर्फावर उभे असलेले पेंग्विन अवतरले. मुलांनी यांपैकी एकही प्राणी पाहिलेला नाही. ज्या शेकरूची घरटी ती येताजाता मोजतात, त्याला मात्र भिंतीवर जागा मिळाली नव्हती. दुसऱ्याच पावसाळ्यात पेंग्विनचे पोपडे निघाले. आता नव्याने रंगवताना इथलेच प्राणी-पक्षी काढावेत, असे ग्रामसभेत ठरले आहे. पेंटरने मोबाइलवर दाखवलेले शेकरू जांभळट-काळे आहे. ते बरोबर आहे का? आणि चित्र टिकावे म्हणून काय करावे?

रानपाखरू :
ते शेकरूच आहे, पण तुमच्याकडचे नव्हे. जांभळट, काळ्या आणि केशरी पट्ट्यांची शेकरे दक्षिणेकडील जंगलांत आढळतात. भीमाशंकरचे शेकरू पाठीवर तांबूस-तपकिरी, पोटाकडे फिकट पिवळसर आणि शेपटाच्या टोकाला पांढुरके असते. १९८५ साली हे अभयारण्य मुख्यतः त्याच्यासाठीच घोषित झाले, तेव्हा निदान तिथल्या भिंतीवर तरी रंग चुकू नये. शेजारी हरियाल काढणार असाल तर त्याचे पाय पिवळे हवेत. पेंटर सवयीने कबुतराचे लाल पाय काढून मोकळे होतात. त्याला उंबराच्या फांदीवर, फळे खाताना दाखवावे. २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू ठरलेला निलवंतही घेता येईल. काळ्या पंखांवर फिकट निळ्या ठिपक्यांचा रुंद पट्टा असल्यामुळे तो लांबूनही उठून दिसतो.

रंगारी :
प्राण्यांचे ठरले, पण आधी भिंतीकडे पाहा. पोपडे बहुधा रंगामुळे नव्हे, तर ओलीमुळे निघाले असावेत. भिंतीचा माथा सपाट असेल तर तिथे पाणी मुरते; म्हणून माथ्यावर उतार काढून, दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच बाहेर येईल अशी शहाबादी फरशी बसवावी. खाली लोणा आला असेल तर तेवढा गिलावा खरवडून नवा करावा आणि तो किमान महिनाभर वाळू द्यावा. ऑइलपेंट वापरू नये, कारण आतली ओल त्यातून बाहेर पडू शकत नाही. बाहेरच्या भिंतीसाठी मिळणारे ॲक्रिलिक इमल्शनच घ्यावे. जमिनीलगतचा फूटभर भाग चित्राविना, नुसता गेरूच्या रंगाचा ठेवला तर उडणारा चिखल डोळ्यांत भरत नाही. तांबडा-तपकिरी रंग लोहयुक्त मातीचा असल्यामुळे उन्हात फारसा फिका पडत नाही. तुमचे शेकरू या बाबतीत नशीबवान आहे. दिवाळीपूर्वी कामाला हात लावू नये, हे पेंटरला आजच सांगून टाका.

ओढ्याकाठी :
बिबट्या काढणार का? आमच्या जुन्नरकडे त्याला सर्रास ‘वाघ’ म्हणतात आणि भिंतीवर मात्र पेंटर चित्ता काढून जातात. डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरलेली दिसली की तो चित्ता समजावा. बिबट्याच्या अंगावर भरीव ठिपके नसून, मध्ये गडद पिवळसर जागा सोडलेली फुलासारखी कडी असतात.

सह्यकडा :
सर्वांचे आभार. बिबट्यावरून काल बैठकीत बराच वाद झाला. मागच्या वर्षी वस्तीवरच्या दोन शेळ्या त्याने नेल्या असल्यामुळे, त्याला शाळेच्या भिंतीवर मानाने बसवू नये, असे काही पालकांचे म्हणणे पडले. शेवटी तो काढायचा, पण फाटकापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात, करवंदीच्या जाळीआड अर्धा लपलेला, असे ठरले. त्याची कडी किती दाट असावीत, हे दाखवणारा इकडचाच एखादा फोटो कोणाकडे असेल तर कृपया इथे टाकावा.