घड्याळ चार्ज होईना आणि सर्व्हिस सेंटर म्हणतंय पाणी गेलंय

(सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं; नावांच्या जागी फ्लॅट नंबर)

शुक्रवार

बी-३०२: नमस्कार. बाबांचं फिटनेस घड्याळ परवापासून चार्ज होत नाहीये. मार्चमध्ये ऑनलाइन घेतलं, एक वर्षाची वॉरंटी आहे. आज स्टेशनजवळच्या सर्व्हिस सेंटरला नेलं. काउंटरवरचा मुलगा घड्याळ आत घेऊन गेला, पाच मिनिटांत परत आणलं आणि म्हणाला, पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही, बोर्ड बदलायला ४,८०० रुपये. नवं घड्याळच ६,५०० चं आहे. कुणाला असा अनुभव आलाय का?

ए-६०१: पैसे भरलेस का?

बी-३०२: नाही काका. घरी विचारते म्हटलं आणि घड्याळ घेऊन आले.

ए-६०१: बरं केलंस.

सी-१०४: ताई, त्यांनी लिहून काय दिलं? जॉब शीट, म्हणजे घड्याळ तपासायला घेतल्याची नोंद-पावती, मिळाली का?

बी-३०२: काहीच नाही. जॉब शीट पैसे भरल्यावर निघते म्हणाला.

सी-१०४: सगळी मेख तिथेच आहे. जॉब शीट नाही म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरवर तुमचं घड्याळ आज आलंच नाही. उद्या वॉरंटी संपल्यावर गेलात तर 'मुदतीत दाखवलं होतं' हे सिद्ध कसं करणार? घड्याळ हातात घेतलं की आधी जॉब शीट निघाली पाहिजे. तपासणी त्यानंतर, पैशाचं बोलणं त्याच्याही नंतर.

बी-५०५: माझ्या आधीच्या घड्याळाला पण अगदी हेच उत्तर मिळालं होतं. लिक्विड डॅमेज. तेव्हा मी सोडून दिलं.

सी-१०४: बहुतेक जण सोडून देतात, म्हणून तर पहिलं उत्तर तेच मिळतं. ताई, घड्याळाच्या पाठीचा जवळून फोटो टाका. चार्जिंगचे दोन धातूचे ठिपके आहेत ना, ते नीट दिसू देत. आणि समोरची काच उजेडात तिरकी धरून एक फोटो.

बी-३०२: टाकले दोन्ही.

सी-१०४: थँक्यू. काचेला चीर नाही, कडा उचललेली नाही, आतून धुकं किंवा थेंबही दिसत नाहीत. पाठीवरच्या दोन ठिपक्यांपैकी एक लख्ख आहे, दुसऱ्यावर हिरवट काळा थर चढलाय. ही पाणी आत गेल्याची खूण नाही, हे बाहेरून घामाने झालंय. घामात मीठ असतं. चालून आल्यावर घड्याळ न पुसता चार्जरला लावलं की त्या ओलाव्यातून थोडा करंट जातो आणि एका ठिपक्यावरचा धातू हळूहळू खाल्ला जातो. म्हणूनच एकच ठिपका काळा पडतो. एवढ्यामुळेही चार्जिंग बंद पडू शकतं.

बी-३०२: बाबा रोज उपवनला चालायला जातात आणि आल्या आल्या चार्जिंगला लावतात!

सी-१०४: मग पटतंय. आता एक करून बघा. केमिस्टकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. इअरबड त्यात भिजवून पिळून घ्या आणि ठिपके हलक्या हाताने पुसा. केबलच्या पिनाही पुसा. ब्लेड, सुई, पॉलिश पेपर यातलं काहीही लावू नका. बहुतेक घड्याळांत त्या ठिपक्यांवर पातळ मुलामा असतो, तो खरवडला गेला की धातू आणखी लवकर खराब होतो, शिवाय 'फिजिकल डॅमेज' म्हणायला त्यांना आयतं कारण मिळतं. पूर्ण वाळल्यावर फास्ट चार्जर न वापरता साध्या ५ व्होल्टच्या ॲडॅप्टरला लावा आणि अर्धा तास तसंच राहू द्या. बॅटरी पार उतरली असेल तर स्क्रीन लगेच उजळत नाही.

बी-५०५: ताई, माझं घड्याळ त्याच कंपनीचं आहे, केबल पण तीच लागते. घेऊन येतो. केबलचाच दोष असेल तर कळेल.

बी-३०२: ये ना, आहे मी घरी.

ए-४०२: मी डॉक्टर म्हणून एक सांगतो. तुमच्या बाबांची अँजिओप्लास्टी झाली आहे. घड्याळ बंद आहे म्हणून त्यांनी चालणं थांबवू नये, आणि ते परत सुरू झालं तरी त्यावरचा आकडा बघून गोळी मागेपुढे करू नये. मनगटावर बोटं ठेवून मिनिटभर नाडी मोजायची सवय लावा. छातीत दडपण आलं किंवा धाप लागली तर घड्याळ काहीही दाखवत असो, थांबायचं आणि फोन करायचा.

बी-३०२: हो डॉक्टर. दोन दिवस ते खरंच बाहेर पडले नाहीत, आकडा दिसत नाही तर भीती वाटते म्हणतात. तुम्ही एकदा बोलाल का त्यांच्याशी?

ए-४०२: संध्याकाळी येतो.

बी-५०५: डॉक्टर, माझ्या घड्याळात हळू पळतानाही पल्स १७० दाखवते. सेन्सर गेलाय का?

सी-१०४: आधी पट्टा बघ. मागचा हिरवा दिवा त्वचेवर पडतो आणि परत येणाऱ्या उजेडातल्या चढउतारावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असला की घड्याळ प्रत्येक पावलाला हलतं आणि पावलांचा ताल ठोके म्हणून मोजला जातो. पळताना मिनिटाला १६०-१७० पावलं सहज पडतात. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, नीट आवळून बांध. यासाठी सर्व्हिस सेंटरला जाऊ नकोस.

सी-४०१: अरे, तुम्ही सगळे बोलताय तर माझंही बघा. भाच्याने न्यू जर्सीहून आणलेलं घड्याळ आहे, चारेक वर्षं झाली. त्याची काच एका बाजूने जरा वर आल्यासारखी वाटते. फेविक्विकने चिकटवू का?

सी-१०४: काकू, नको! आत्ता चार्जरला असेल तर आधी काढा. हातात घालू नका, काच दाबू नका. आतली बॅटरी फुगली असणार, तिनेच काच उचलली असेल. स्टीलच्या भांड्यात ठेवा, गॅसपासून आणि गादी-पडद्यांपासून लांब. मी वर येऊन बघतो.

सी-४०१: बाई गं. आत्ता उशाशीच होतं. ठेवलं भांड्यात.

सी-१०४: ग्रुपवरच्या सगळ्यांनीच हे लक्षात ठेवा. फिटबिट आयोनिक नावाच्या घड्याळाची बॅटरी तापून लोकांना भाजत होतं. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने ते परत मागवल्याचं जाहीर केलं. जगभरात मिळून सुमारे १७ लाख घड्याळं विकली गेली होती आणि भाजल्याच्या ११८ तक्रारी आल्या होत्या. कंपनीने २९९ डॉलर परत दिले, आणि तेही वॉरंटी संपली की नाही हे न बघता. त्यामुळे बॅटरी फुगणं, घड्याळ चटका बसेल इतकं तापणं हे दिसलं की 'वॉरंटी कधीच संपली' म्हणून गप्प बसू नका. मॉडेलचं नाव टाकून ते परत मागवलंय का हे शोधा आणि कंपनीला कळवा. फुगलेली बॅटरी कुरियरने मात्र पाठवू नका. आधी फोन करून विचारायचं.

ए-६०१: आणि घंटागाडीतही टाकायची नाही. कचरा दाबला गेला की पेट घेते. ई-कचरा घेणाऱ्याकडे, बॅटरी फुगली आहे असं सांगूनच द्यायची.

सी-४०१: भाच्याला सांगून तिकडून बदलून मिळेल का रे?

सी-१०४: काकू, चार वर्षं झाल्यावर अवघड आहे. शिवाय बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी जिथे विकत घेतलं त्या देशापुरतीच असते. तरी बिल त्याच्या नावावर आहे ना, त्याला मेल करू दे.

बी-३०२: अपडेट देते. ठिपके पुसून लख्ख झाले. आमच्या केबलने अर्धा तास लावलं, काही नाही. मग बी-५०५ ची केबल लावली, तरी नाही. बटण दाबून धरूनही पाहिलं.

सी-१०४: मग दोष आत आहे. आता वॉरंटीवरच जायचं.

बी-३०२: पण ते पाणी म्हणतात त्याचं काय करू?

सी-१०४: खोक्यावर पाण्याबद्दल काय छापलंय?

बी-३०२: ५ एटीएम. आणि पोहणाऱ्या माणसाचं चित्र आहे.

सी-१०४: ५ एटीएम म्हणजे ५० मीटर खोल, स्थिर पाण्याचा जेवढा दाब असतो तेवढा सोसण्याची चाचणी. कंपन्या बारीक अक्षरात लिहितात की ही क्षमता कायम टिकत नाही. त्यात तथ्य आहे. आतल्या रबरी सीलला गरम पाणी, वाफ, साबण सोसत नाही, म्हणून घड्याळ घालून गरम पाण्याची अंघोळ करू नये. पण मार्चमध्ये घेतलेल्या, काच शाबूत असलेल्या, पोहण्यासाठी म्हणून विकलेल्या घड्याळात पाणी शिरलंच असेल तर ते बहुधा सील कमकुवत होतं म्हणून शिरलं. तो उत्पादनातला दोष झाला. 'पाणी गेलं' एवढ्याने गिऱ्हाईक दोषी ठरत नाही. कुठून गेलं हे त्यांनी दाखवायला हवं.

बी-३०२: बाबा अंघोळीला काढूनच ठेवतात. पोहायला तर जातच नाहीत.

ए-२०३: आत्ता कोर्टातून आले, सगळं वाचलं. काउंटरवर वाद घालू नका, त्या मुलाच्या हातात काही नसतं. उद्या जाऊन फक्त जॉब शीट मागा. त्यावर चार गोष्टी हव्यात: तारीख, सिरियल नंबर, तुमची तक्रार तुमच्या शब्दांत, आणि 'काच व बॉडी शाबूत' हा शेरा. वॉरंटी नाकारायची असेल तर कारण लेखी आणि उघडलेल्या घड्याळाचा फोटो द्या म्हणायचं. देत नाहीत म्हणाले तर तिथूनच, काउंटरसमोर उभं राहून कंपनीला मेल करा: आज अमुक वाजता घड्याळ घेऊन आले, जॉब शीट नाकारली. मेलवर तारीख-वेळ आपोआप येते, तोच पुरावा.

बी-५०५: सिरियल नंबर घड्याळाच्या सेटिंगमध्ये असतो ना? ते तर बंद आहे.

सी-१०४: खोक्यावर असतो, शिवाय मोबाइलमधल्या ॲपमध्ये. त्याचा स्क्रीनशॉट आत्ताच काढून ठेवा. घड्याळ जमा करताना ॲपमधून काढून टाकायला सांगतात, मग तो नंबर दिसत नाही. ज्यांची घड्याळं चालू आहेत त्यांनीही आज काढून ठेवा, बिलाच्या फोटोशेजारी.

ए-२०३: मेलला उत्तर आलं नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. मराठीत बोलता येतं. ते तक्रार कंपनीकडे पाठवतात आणि तक्रार क्रमांक देतात. हुकूम देण्याचा अधिकार त्यांना नाही, तरी बऱ्याच कंपन्या या टप्प्यावर नीट बोलायला लागतात. तुम्ही ऑनलाइन घेतलंय, म्हणून त्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्यात तक्रार निकाली काढायची असते.

ए-६०१: आणि एवढं करून नाही झालं तर?

ए-२०३: तर जिल्हा ग्राहक आयोग. काका, लोकांना वाटतं वकिलावर घड्याळापेक्षा जास्त खर्च होईल. वकील लावायची सक्ती नाही. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो तिथेच, म्हणजे ठाण्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस बंगळूरला असलं तरी. जानेवारी २०२५ पासून सरकारच्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. दोष तपासल्याशिवाय कळणार नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. म्हणून बाहेरच्या दुकानात घड्याळ उघडू देऊ नका. एकदा कुणी उघडलं की आधी काय होतं ते कुणालाच सांगता येत नाही.

ए-६०१: हे माहीत नव्हतं. जुन्या लोकांना काउंटरवर एक वाक्य सांगून परत पाठवतात आणि ते मुकाट घरी येतात. सी विंगमध्येच दोघा-तिघांची घड्याळं कपाटात बंद पडून आहेत. त्यांच्या मुलांनी स्वतःच्या पगारातून हौसेने घेतलेली आहेत ती. मी आज एकेकाकडे जाऊन बिलं काढायला लावतो.

ए-२०३: काका, ज्यांची मुदत जवळ आली आहे त्यांची आधी काढा.

शनिवार

बी-३०२: जॉब शीट मिळाली! आधी नाहीच म्हणाले. मी उभी राहून मेल लिहायला लागले तेव्हा मॅनेजर बाहेर आले. 'काच व बॉडी शाबूत' लिहून घेतलं. घड्याळ त्यांच्याकडे ठेवलं, पट्टा आणि केबल घरी आणली. आता कंपनीला हा मेल पाठवू का?

'माझ्या वडिलांच्या घड्याळात चार्जिंग होत नाही. सोबत बिल, सिरियल नंबर, जॉब शीट आणि घड्याळाचे फोटो जोडले आहेत. शुक्रवारी आपल्या केंद्राने कोणतीही लेखी नोंद न करता पाणी गेल्याचे तोंडी सांगितले व ४,८०० रुपये मागितले. घड्याळ ५ एटीएम असून काच शाबूत आहे. वॉरंटीत दुरुस्ती करावी किंवा बदलून द्यावे. नाकारल्यास कारण लेखी व फोटोसह कळवावे. माझे वडील हृदयरुग्ण आहेत, कृपया सहानुभूतीने विचार करावा.'

ए-२०३: उत्तम. शेवटचं वाक्य काढा. तुम्ही दया मागत नाही आहात, विकत घेतलेल्या वॉरंटीप्रमाणे काम मागताय. त्या जागी 'सात दिवसांत उत्तराची अपेक्षा आहे' एवढं लिहा.

बी-३०२: बदललं.

सी-१०४: एक भर घाला. 'बदलून दिल्यास त्या घड्याळाची वॉरंटी किती व ते नवे की रिफर्बिश्ड (दुरुस्त केलेले जुने), हे कळवावे.' बऱ्याच ठिकाणी उरलेल्या मुदतीचीच वॉरंटी मिळते, आधी विचारलेलं बरं.

बी-३०२: घातलं. पाठवलाही. बाबा डॉक्टरांबरोबर उपवनला गेलेत.

ए-६०१: पोच आली की इथे टाक. बी-१०२ च्या आजोबांचं बिल सापडलंय, मुदत याच महिनाअखेर संपते. सोमवारी त्यांना घेऊन मी जातोय. कुणी तरुण सोबत येईल का?

बी-५०५: मी येतो काका. अकराला खाली.