‘मागे पडलेला’ या शब्दाचं काय करावं?

आमच्या जालन्याकडच्या ख्रिस्ती मंडळीत ‘मागे पडलेला’ हा शब्द सर्रास चालतो. विश्वास सोडला, उपासनेला येणं बंद केलं, की तो माणूस मागे पडलेला. गेल्या रविवारी असाच एक जण नऊ वर्षांनी आला. दाराशी चपला काढतात, तिथंच सतरंजीच्या कडेला टेकला. कुणीतरी पुटपुटलं, “मागे पडलेलेबी येऊ लागले आता.” त्यानं ऐकलं आणि मान खाली घातली. आल्या माणसाला हा शब्द वापरावा का? दुसरा काही आहे का?

प्रतिसाद १

शब्द मुळात वाईट नाही हो. मागे पडतो तो सोबत चालणारा. पैठणहून पंढरपूरला निघालेल्या दिंडीत म्हातारं माणूस मागं राहिलं तर त्याला कुणी टाकून जात नाही. आपण मात्र तो शब्द शिक्का मारल्यासारखा वापरतो.

हा वाद जुनाच आहे. इ.स. २५० मध्ये रोमन सम्राट डेशियसच्या छळात ज्यांनी देवांना बळी वाहून जीव वाचवला, त्या ख्रिस्ती लोकांना लॅटिनमध्ये ‘लाप्सी’ म्हणत, म्हणजे घसरलेले. रोममधला धर्मगुरू नोव्हेशियन म्हणाला, यांना परत घेऊ नका. कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, पश्चात्ताप पाहून परत घ्या. त्यावरून रोमच्या मंडळीत फूट पडली.

मला विचाराल तर उत्तर बायबलात, लूकच्या पंधराव्या अध्यायात आहे, येशूनं सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात, म्हणजे बोधकथेत. धाकटा मुलगा बापाकडून वाटणी घेऊन दूर जातो, सगळं उधळतो आणि उपाशी होऊन घरी परततो. मुलगा मनात घोकून येतो की बापाला म्हणीन, मला मोलकऱ्यासारखं ठेवा. हा मोलकरी म्हणजे आपला सालगडी नव्हे. सालगड्याला पाडव्यापासून पाडव्यापर्यंत तरी जागा असते. मूळ ग्रीक शब्द मजुरीवर लावलेल्या माणसाचा आहे, म्हणजे आपला रोजंदार. तेवढंच मागायची त्याची हिंमत. आणि बाप ते वाक्य त्याला पुरं करूच देत नाही! झगा, अंगठी, जोडे मागवतो. अनवाणी आलेल्याला आधी जोडे, हे मला फार लागतं.

पुढं धाकट्यासाठी मेजवानी चाललेली पाहून थोरला भाऊ चिडून बापाला म्हणतो, “हा तुमचा मुलगा.” भाऊ म्हणत नाही. बाप उत्तर देताना म्हणतो, “हा तुझा भाऊ.” सगळी चर्चा या दोन शब्दांत आहे. सतरंजीवर पुटपुटणारा थोरल्याची भाषा बोलत होता.

प्रतिसाद २

बीडहून लिहितोय. त्याच दाखल्यात मराठीत ‘कळवळा’ आलाय, तो सोडू नका. पोरगं अजून लांब असतानाच बापाला कळवळा येतो. ग्रीक क्रियापद आतड्यांवरून आलंय. आमची माय म्हणायची, “आतडं तुटतं रे.” दया वरून खाली करता येते, कळवळा पोटातनंच यावा लागतो.

मूळ प्रश्नकर्ता

एक सांगायचं राहिलं. तो मान घालून बसला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एक आजी उठल्या. मागं येऊन त्याच्या हाताला धरलं आणि स्वतःच्या शेजारची जागा थापटून म्हणाल्या, “ये लेकरा, हितं बस. जेवून जायचं बरं का.”