मदत हवी आहे: पायपर कबचं दार उघडं आणि सोबत बाबा

नमस्कार मंडळी, फ्लोरिडात हौसेखातर पायपर जे-३ कब शिकतोय. जुनं पिवळं विमान, ६५ अश्वशक्तीचं इंजिन, मागेपुढे दोनच जागा. दार फक्त उजवीकडे आणि तेही दोन फळ्यांचं: वरची पंखाखाली अडकवायची, खालची बाहेर लोंबती सोडायची. तसं उघडं ठेवून उडणं यात नेहमीचंच. उलट वेग फार कमी झाला की खालची फळी आपोआप वर तरंगायला लागते, म्हणजे स्टॉल (पंखांची उचल तुटणं) जवळ आल्याची फुकटात सूचना!

पुढच्या महिन्यात बाबा साताऱ्याहून येताहेत. माझे प्रशिक्षक त्यांना फिरवून आणणार आहेत. बाबांचा हट्ट एकच, "दार उघडंच ठेवायचं." माझी धास्ती पडण्याची नाही, पट्टा असतोच. पण त्यांचा चष्मा, टोपी, मोबाइल? काही उडून मागे शेपटीच्या पृष्ठभागांत अडकलं तर?

चष्म्याला दोरी पुरते का? हेडसेटच्या माइकमध्ये वारा घोंघावतो, त्यावर स्पंजचं टोपरं चालतं का? आणि सत्तरीच्या माणसाला कानटोपी पुरेल की जाकीटही लागेल? अनुभवींनी कृपया सांगा. आईला अजून काही बोललेलो नाही.