बहिऱ्या कुत्रीला घरात रुळवायचंय, मदत हवी आहे

मंडळी, अकरा दिवसांपूर्वी साधारण दीड वर्षाची पांढरीशुभ्र कुत्री दत्तक घेतली. नाव ठेवलं कापशी. दुसऱ्याच दिवशी माझ्या हातून ताट पडलं, सगळं घर दचकलं आणि ही शेजारीच ढाराढूर! डॉक्टर म्हणाले, जन्मापासूनच ऐकू येत नसावं. काही पांढऱ्या कुत्र्यांच्या आतल्या कानात लागणाऱ्या रंगपेशीच नसतात. आम्हाला आधी कळलं कसं नाही? मागे टाळी वाजवली की ती वळायची. बहुतेक हवेचा झोत जाणवत असावा. कानात कापसाचे बोळे घालून आलेली, म्हणजे नाव चपखलच म्हणायचं.

पण परवा ती झोपलेली असताना माझा सहा वर्षांचा मुलगा लाडाने पाठीवरून हात फिरवायला गेला आणि तिने वळून हात धरला. रक्त नाही, नुसते वळ. तरी साबणाने धुवून डॉक्टरांना दाखवून आणलं. आपण कोणाला धरलंय हे कळल्यावर तीच शेपूट घालून कोपऱ्यात बसली. सासूबाई म्हणतात, परत देऊन या. जागेपणी इतकं गरीब जनावर मी पाहिलं नाही, मन होत नाही हो.

तिला उठवायचं कसं? पलीकडच्या खोलीतून बोलवायचं कसं? पाय आपटून पाहिले, फरशीवर काही पोचत नाही. रात्री दिवा मालवला की रडते, ते वेगळंच.

प्रतिसाद

आमचा डाल्मेशियन बहिरा होता, तेरा वर्षं सांभाळला. परत देऊ नका. ती चावरी नाही, दचकली.

झोपेतून उठवताना आधी नाकासमोर हात धरा, वासाने जाग येऊ द्या. मग खांद्यावर, रोज त्याच जागी, हलकेच बोट लावा आणि डोळे उघडताक्षणी खाऊ. आधी जागेपणी हा स्पर्श-खाऊ खेळ दिवसातून दहा-बारा वेळा करा. मुलाने मात्र झोपलेल्या कुत्रीला हात लावायचाच नाही, सराव मोठ्यांनी करायचा. अंथरूण येण्याजाण्याच्या वाटेवरून हलवा. पाठ भिंतीला आणि दार समोर दिसेल असं.

बोलावण्याचं म्हणाल तर ती आपणहून तुमच्याकडे बघेल तेव्हा दर वेळी अंगठा दाखवून खाऊ द्या. बघण्याची सवय लागली की निम्मं काम झालं. लांबून दिवा एकदा उघडझाप करा. लेझरचा ठिपका नको, काही कुत्र्यांना त्याचं वेड लागतं. थरथरणारा पट्टा चालतो, पण विजेचा झटका देणारा अजिबात नाही. मोकळ्या जागेत साखळी सोडू नका. रात्री मंद दिवा राहू द्या, अंधारात तिचे डोळेही जातात ना! बाहेर जाताना गुपचूप निसटू नका, जाग आल्यावर घर रिकामं दिसलं तर ती बिथरेल.

धागाकर्ती

मनापासून आभार. दोन रात्री दिवा ठेवला, रडणं थांबलं. नाकासमोर हात धरल्यावर पहिल्यांदा शिंकली, मग उठली. आता नवी अडचण: शाब्बासकी म्हणून मी अंगठा दाखवते, मुलगा टाळ्या वाजवतो आणि सासूबाई नुसती मान डोलावतात. तिचा गोंधळ होईल का?

प्रतिसाद

होईल. खूण कोणतीही ठेवा, पण घरात सगळ्यांची एकच. सासूबाईंना विचारून ठरवा.